एका वेळी एकच ऑफसेट

कंपनीच्या वार्षिक तपासणीत आमच्या लाइनवरच्या एका पोराची साखर वर आली. वय एकतीस. रिपोर्टची घडी खिशात घालून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही काय केलं होतं ते जरा लिहून द्या ना." चहाच्या सुट्टीत तोंडी सांगितलं की अर्धं हवेत जातं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, एकवीस वर्षं झाली. मोजल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही, एवढंच माझं भांडवल.

माझा रिपोर्ट २०२२ चा. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२. बीपी १३८/८८. पोट ९८ सेंटिमीटर. एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. मी उंबरठ्यावर, एक पाय आत. घाबरून जे केलं ते तू करू नकोस. १ जानेवारीला जिम लावली, वर्षाचे पैसे एकदम भरले. भात बंद, साखर बंद, चहा बंद, पहाटे पाचला पळणं चालू. अकराव्या दिवशी गुडघा सुजला, बाराव्या दिवशी सेकंड शिफ्ट लागली आणि तेराव्या दिवशी मी त्रिमूर्ती चौकात उभा राहून तीन वडापाव हाणले. जिमचे पैसे गेले ते गेलेच.

मशीनवर असं कोणी करतं का? बोअर (पीसमधलं भोक) वीस मायक्रॉन मोठा येतोय म्हणून स्पीड, फीड, टूल, ऑफसेट सगळं एकदम बदललं, तर पुढचा पीस बरोबर आला तरी कशामुळे आला ते कळत नाही, आणि बिघडला तरी कळत नाही. एक ऑफसेट, म्हणजे मशीनच्या मापात एक छोटी दुरुस्ती, द्यायचा, पाच पीस काढायचे, मोजायचे, मग पुढचा. हे मी रोज पोरांना सांगतो. स्वतःच्या बाबतीत कळायला गुडघा सुजावा लागला.

तर आधी मोजमाप. पोट मोजताना टेप पँटच्या पट्ट्यावर धरू नकोस, तो पोटाखाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द धरतात. वजन रोज केलंस तरी चालेल, पण सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर, आणि बघायची ती आठवड्याची सरासरी. रात्री पापड-लोणचं जास्त झालं की मिठामुळे अंगात पाणी धरतं आणि काटा एका रात्रीत किलोभर वर जातो. ती चरबी नव्हे. एका पीसवरनं आपण लॉट रिजेक्ट करत नाही. एचबीए१सी मात्र दर महिन्याला करत बसू नकोस. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिच्यावर चिकटलेली साखर आपण मोजत असतो, म्हणून तीन महिन्यांच्या आत फरक नीट दिसत नाही.

माझा पहिला ऑफसेट चहाचा. आठवडाभर फक्त मोजलं, काही बदललं नाही. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ४८ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे मी जेवणाआधीच जवळजवळ दुप्पट खाऊन बसायचो, शिवाय बिस्किटं वेगळी. चहा सोडला नाही, सोडून बघितलं होतं. कॅन्टीनचा चहा आयताच गोड येतो, तिथे काही चालत नाही, म्हणून तिथले चार होते त्यांचे दोन केले आणि तेही अर्धा कप. घरच्या चहात दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा साखर कमी. बायकोला सांगितलं नव्हतं, मीच चहा करायला लागलो होतो. तिला संशय आला तो साखरेमुळे नव्हे, मी चहा करतोय म्हणून. दोन-अडीच महिन्यांनी लग्नातला चहा घशाखाली उतरेना. जीभ बदलते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

दुसरा ऑफसेट, जेवल्यावर दहा मिनिटं चालणं. पळणं नाही, बूट नकोत, कॅन्टीनपासून मेन गेटपर्यंत दोन फेऱ्या. पायाचे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट बघत नाहीत. जेवणानंतर साखर चढते तेव्हाच हे केलं तर ती कमी चढते. मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलेला आहे. तीन खाण्यांनंतर दहा-दहा मिनिटं, पाच दिवस, झाले दीडशे. मध्यम म्हणजे किती, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचार, कारण साखर खाली जाऊ शकते. छातीत दुखलं, दरदरून घाम आला, तर "गॅस असेल" म्हणत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

हे रोज लक्षात कसं राहतं असं विचारशील. राहत नाही. म्हणून लक्षात ठेवायची गरजच पडू नये अशी सोय करायची. फिक्स्चरला, म्हणजे पीस धरून ठेवणाऱ्या पकडीला, पिन का असते? ऑपरेटर पेंगत असला तरी पीस उलटा बसू नये म्हणून. याला पोका-योके म्हणतात, चूक होऊच नये अशी सोय. माझं चालणं डबा धुण्याला जोडलंय: डबा धुतला की पाय आपोआप गेटकडे. बिस्किटांचा डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर, शिडीशिवाय हात पोचत नाही. फुटाण्यांची बरणी टीव्हीशेजारी. मनाचा निग्रह वगैरे सकाळी सातला असतो, रात्री अकराला घरी येणाऱ्या माणसाकडे तो शिल्लक नसतो.

२१ दिवसांत सवय लागते असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते सोड. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला हिशेबाने २५४. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मला हा दुसरा भाग जास्त कामाचा वाटला. माझा नियम असा: एक दिवस चुकला तर चुकला, लागोपाठ दोन नाही.

तिसरा ऑफसेट जेवणाचा, आणि इथे आपण सगळेच आपटतो. माझा डबा म्हणजे चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, वर पळीभर पातळ वरण. पोट भरायचं, पण तीन तासांत परत भूक. प्रथिनं किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम ही आपल्या देशात सांगितलेली मात्रा. माझ्या ७८ किलोला ६५ ग्रॅम झाले. डब्यात मोजले तर निम्म्यालाही पोचत नव्हते. एका अंड्यात सहा ग्रॅम. मटकी किंवा मूग, मूठभर कोरडे म्हणजे तीसेक ग्रॅम घेतले तर सात. तेवढ्याच फुटाण्यांत सहा-सात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. मी केलं एवढंच की चारच्या दोन पोळ्या, बटाट्याच्या जागी घट्ट उसळ, पालेभाजी दुप्पट आणि घरी आल्यावर दोन अंडी. चतुर्थीला आणि श्रावणात अंड्याऐवजी दही-दाणे. नागलीची (नाचणीची) भाकरी चांगली, कॅल्शियम भरपूर, चोथाही. पण नागली आहे म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर तेही पिष्टच. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. आईला हे समजावण्यात मी हरलोय. घरात खिचडी होते, मी अर्धी वाटी घेतो आणि वर दाण्याची आमटी.

मिसळीचं विचारलंच होतंस. नाशकात राहून मिसळ सोड म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार, आणि तिच्यावर खापर फोडायचं कारणही नाही. मटकीची उसळ चांगलीच. घोटाळा तर्री, फरसाण आणि पुन्हा पुन्हा मागवलेल्या रश्शात बुडणाऱ्या पावांचा. मी उसळ जास्त, शेव कमी सांगतो, पाव एक, वर दही आणि कांदा. महिन्यातनं दोनदा, रविवारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी एक संकट असतं. पिंपळगावचा मेहुणा द्राक्षांची पेटी आणून टाकतो. शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण सोळा ग्रॅम साखर. एक वाटी मोजून घेतली तर काही बिघडत नाही. पेटी मांडीवर घेऊन मॅच बघितली की बिघडतं.

ताकदीचा व्यायाम मी फार उशिरा, आठव्या महिन्यात घेतला, ती माझी चूक. तू लवकर घे. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि साखर मुख्यतः साठते ती स्नायूंतच. आठवड्यातनं दोन दिवस पुरतं. गिझर तापेपर्यंत खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून दहा दंड, असे दोन फेरे. पंधरा दिवसांनी दोन-दोन वाढव. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढव, बंद करू नकोस. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच, पण पहिल्या दिवशी बारा घालायची हौस नको. रविवारी पांडवलेणी, नाशकातल्या डोंगरावरची लेणी. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मधे तीनदा टेकलो आणि माझ्या पुढून नऊवारीतल्या एक आजी गप्पा मारत वर गेल्या. आता न थांबता चढतो. आजी परत दिसल्या नाहीत.

राहिली थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी. हे पुस्तकात कुणी नीट सांगत नाही. घरून निघायच्या आधी पूर्ण जेवण, साडेनऊपर्यंत. रात्री बारा ते पाच शक्यतो जड काही नाही. शरीर त्या वेळी साखर नीट हाताळत नाही, म्हणून कॅन्टीनचा रात्रीचा पोहे-शिरा टाळायचा. फारच लागली तर फुटाणे किंवा ताक. शेवटचा चहा दोनच्या आत, कारण त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात आणि तुला आठला झोपायचंय. घरी आलं की मोबाइल न बघता झोप. खिडकीला मी जुनं जाड ब्लँकेट ठोकलंय, दिसायला वाईट, काम चोख. सात तास झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती गोडाचीच असते. थर्डच्या आठवड्यात नवा ऑफसेट कधीच द्यायचा नाही. आहे तेवढं टिकवलं तरी खूप.

माझे आकडे सांगतो, मोठे नाहीत. वर्षभरात एचबीए१सी ६.२ वरून ५.८, पोट ९८ वरून ९२, वजन सहा किलो कमी, बीपी १२६/८२. उंबरठ्यावरून पाय पूर्ण बाहेर आलेला नाही. दिवाळीत फराळाने दोन सेंटिमीटर परत आले होते, ते काढायला फेब्रुवारी उजाडला.

तू उद्यापासून फक्त चहा मोज. काही बदलू नकोस, लॉगशीटच्या मागच्या बाजूला रेघा मार आणि शनिवारी मला दाखव. सोमवारपासून आपल्या दोघांना थर्ड आहे. फुटाणे मी आणतो, ताक तू आण.