घरात चार कॉम्प्युटर, लायसन्स किती?

काही विकत घ्यायच्या आधी कोणत्या मशीनवर काय लागतं ते कागदावर मांडा. आमच्या बाबांना पत्रं टाइप करायची असतात, धाकटीला शाळेचे प्रोजेक्ट. दोघांनाही लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर पुरतं. ते फुकट आहे, हव्या तितक्या कॉम्प्युटरवर टाका. फक्त सेव्ह करताना फाइलचा प्रकार ‘वर्ड’ निवडायचा, म्हणजे समोरच्याला सहसा अडचण येत नाही.

एक्सेलशिवाय ज्यांचं अडतंच, त्यांनी मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली बघावं. एका वर्गणीत ६ जण बसतात, प्रत्येकाला १ टीबी (टेराबाइट) ऑनलाइन जागा वेगळी. मात्र सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरू नका. ज्याच्या नावावर वर्गणी आहे त्याने अकाउंटच्या पानावरून बाकीच्यांना आमंत्रण पाठवायचं. नाहीतर बाबांचे फोटो आणि तुमचे हिशेब एकाच ठिकाणी कालवले जातात.

अँटिव्हायरसवर मी पैसे घालत नाही. विंडोजमधला डिफेंडर घरच्या कामाला पुरे.

जुनं मशीन मोडीत काढताना विंडोजचं लायसन्स तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) एस-एल-एम-जी-आर, मग स्पेस, स्लॅश, डी-एल-आय टाइप केलं की छोटी खिडकी उघडते. तिथे ‘रिटेल’ दिसलं तर ते नव्या मशीनवर नेता येतं. ‘ओईएम’, म्हणजे मशीनबरोबरच आलेलं, असेल तर ते त्याच मशीनला बांधलेलं.