उजळाईवाडीला विमान पकडताय? कॉफीची सोय घरूनच करा

कोल्हापूरचा माणूस सकाळी चहावाला, पण विमान पकडायचं म्हटलं की त्याला कॉफीच आठवते. उजळाईवाडीच्या विमानतळावर मिळते ती बहुतेक वेळा मशीनची: दूधपावडर, साखर आणि कॉफी आधीच एकत्र केलेली. त्यात साखर कमी करा म्हणून सांगण्यात अर्थ नाही, ती मिश्रणातच असते. त्यापेक्षा 'कोरी कॉफी, दूध वेगळं' असं मागून बघा. नाहीच म्हणाले तर नुसतं गरम पाणी मागा.

कारण खरी युक्ती खिशात असते. ड्रिप बॅग म्हणजे कपाच्या काठावर अडकवायची कागदी पिशवी, आत साधारण 10 ग्रॅम दळलेली कॉफी. आधी थोडं पाणी ओतून अर्धा मिनिट थांबा, पावडर फुगते. मग उरलेलं हळूहळू, एकूण 150 मिली. पाणी उकळतं असेल तर मिनिटभर निवू द्या, नाहीतर कडवट उतरते. सोबत रिकामा थर्मास न्या. भरलेला नेला तर सुरक्षा तपासणीत प्रश्न येऊ शकतात. आमच्या घरी पुडीत चिमूटभर जायफळही बांधून देतात. शहाणे हसतात, हसू देत.

फक्त वेळेचं भान ठेवा. बऱ्याच कंपन्यांचा चेक-इन काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतो. म्हणून कॉफी तपासणी उरकल्यावर, गेटजवळ बसून.