स्क्रीनच्या फिल्मचं पेटंट: एफईआर (पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल) आला की काय करायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात नाहीतर व्हीटीयू विद्यापीठात कुणी पोलरायझर (एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड सोडणारा थर), क्वार्टर वेव्ह फिल्म (उजेडाचा एक घटक पाव लहरीनं मागे पाडणारा रिटार्डर) असले थर चिकटवून डिस्प्लेसाठी काही नवीन केलं असेल तर ऐका, अर्ज टाकला म्हणजे तपासणी आपोआप होत नाही बरं का, फॉर्म 18 वेगळा भरावा लागतो, तो पण प्रायॉरिटी तारखेपासून, म्हणजे पहिला अर्ज टाकला त्या तारखेपासून, 31 महिन्यांच्या आत. आपलं कर्नाटक चेन्नई पेटंट ऑफिसखाली येतं.

मग एफईआर येतो. घाबरू नका, त्यात हरकती असतातच. एका जुन्या पेटंटात पोलरायझर, दुसऱ्यात रिटार्डर दाखवून एक्झामिनर विचारतो यात नवीन काय? वर पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) लावतो, म्हणजे माहितीच्याच वस्तू नुसत्या शेजारी मांडल्यात. खरी मेहनत इथंच आहे, थर एकमेकांच्या जिवावर काम करतात हे पटवायचं. आपला बेळगावचा गोड मांडा बघा की, मैदा तूप साखर ताटात सुटं ठेवलं तर मांडा होतोय का?

ओएलईडीत पोलरायझरला 45 अंशांत क्वार्टर वेव्ह लावली की बाहेरचा उजेड आत जाऊन परावर्तित झाला तरी परत येताना अडतो, एकट्या थराला ते जमत नाही. पण हे सगळ्यांना माहीत असलेलं, त्यावर पेटंट मागू नका. तुमचा फरक आकड्यांत लिहा: 550 नॅनोमीटरच्या उजेडाला रिटार्डेशन (मागे पडणं) किती, जाडी, कोन, आणि तुलनेचा नमुना. हे सगळं पहिल्या अर्जातच हवं, नंतर घुसवायला गेलात तर अर्जातल्या दुरुस्तीवर बंधन घालणारं कलम 59 आडवं येतं.

एफईआरच्या उत्तराला 6 महिने, मुदतवाढीचा फॉर्म 4 भरला तर अजून 3.