वस्तीत पाण्याविषयी बोलायला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक आमचीच. २२ मार्चला, जलदिनी, गोव्यातल्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीत सकाळी अकराला सभा ठेवली. बायका धुण्याभांड्यांना गेलेल्या, पुरुष बांधकामावर. घरी राहिलेल्या एका आजींनी ‘पाणी वाचवा’ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वाचवायचं कुठलं रे? पहाटे चारला नळ येतो. तेव्हा ये नि बघ.”

गेलो. तेव्हा कळलं, की गढूळ पाण्याचं कारण तिथल्या लोकांना आमच्याआधी ठाऊक होतं. नळ बंद असताना जलवाहिनी रिकामी होते आणि गळतीच्या जागेतून बाजूच्या गटारातलं पाणी आत शिरतं. कुणी थेट नळाला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते, शिवाय वरच्या घरांना थेंब मिळत नाही. म्हणून पहिली बादली संडासाला, पिण्याचं नंतर भरायचं. त्यानंतरही पाणी गढूळ राहिलं किंवा वास आला, तर वेळ लिहून तक्रार करायची. ‘पाणी खराब येतं’ एवढ्याने कुणी हलत नाही.

दुसरी चूक: ‘पाणी उकळा’ सांगून निघून येणं. उकळलेल्या पाण्यात पेला बुडवला, की हाताची घाण परत आत. लांब दांड्याचा डाव किंवा तोटीचं भांडं दाखवा. पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासायचं, नुसतं ओतून चालत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

‘घर बेकायदा, नळ कसा मिळणार?’ हे तर कार्यकर्तेही बोलून जातात. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या प्रकरणात, बेकायदा घरात राहतो म्हणून पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलंय. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळ पोचलेलं राज्य म्हणून प्रमाणित झालं, ते ग्रामीण घरांच्या हिशेबाने. तो दाखला वस्तीत वाचून दाखवू नका. आम्ही दाखवला होता, लोक हसले.

पत्रकं मराठीत छापली, हीदेखील चूकच. मोतीडोंगर, झुआरीनगरसारख्या वस्त्यांत कित्येक घरांत कन्नड बोलतात. आता नववीतली एक मुलगी आमचं म्हणणं कन्नडमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवते. अर्धा मजकूर कापते. बहुधा बरोबर कापते.