हरभरा वाळला की त्याच आठवड्यात रानातून बाहेर काढा

पेरणी वेळेवर, खत मोजून, घाटेअळीवर फवारणी झालेली, पाणीही बेताचं दिलेलं. एवढं सगळं करून हरभरा शेवटी रानातच सांडून जातो. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, दक्षिण सोलापूर, कुठंही बघा, दरवर्षी हेच दिसतं. कारण एकच: पीक वाळलंय, पण मालक थांबलाय. कुणी हार्वेस्टरच्या नंबरासाठी, कुणी ज्वारी काढून झाल्यावर बघू म्हणून, कुणी भाव वाढेल या आशेनं. भावासाठी जरूर थांबा, पण माल घरात आणून थांबा.

हरभऱ्याचा विजय वाण जिरायतात 85 ते 90 दिवसांत आणि बागायतात 105 ते 110 दिवसांत तयार होतो. सप्टेंबरअखेरीस पेरलेला जिरायती हरभरा डिसेंबरअखेरीस पिकतो, नोव्हेंबरात पेरलेला बागायती फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दिवस मोजा, पण निर्णय झाडाकडं बघून घ्या. पानं पिवळी-तांबूस होऊन गळायला लागतात, घाटे फिकट पिवळे पडतात. झाड धरून हलवलं की घाट्यातले दाणे खुळखुळतात. दाणा दाताखाली कट्कन फुटला तर रान तयार आहे. दबला तर दोन-तीन दिवस द्या, त्यापेक्षा जास्त नाही. शेंड्याचे चार घाटे हिरवे आहेत म्हणून सगळं रान थांबवू नका. ते चार भरेपर्यंत खालचे चाळीस गळतात.

आपल्या काळ्या जमिनीत नुकसान जास्त होतं, कारण रान भेगाळलेलं असतं. भेगेत गेलेला घाटा वेचता येत नाही. किती गेलं ते स्वतः मोजा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा आखा आणि त्यात पडलेले दाणे मोजा, घाटे फोडून त्यातलेही धरा. एका चौरस मीटरमध्ये 50 दाणे सापडले तर एकरी सुमारे 40 किलो हरभरा मातीत गेला, कारण विजयच्या शंभर दाण्यांचं वजन साधारण 20 ग्रॅम भरतं. रानात चार-पाच ठिकाणी असं मोजा. थांबण्याची किंमत किती ते लगेच कळेल.

वरून अवकाळीची भीती. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट सोलापूर जिल्हा विसरलेला नाही. पण गारपीटच हवी असं नाही. वाळलेल्या घाट्यावर पावसाची एक सर पडली तरी दाणा काळवंडतो, ओल टिकली तर घाट्यातच मोड येतात, आणि पुन्हा ऊन पडलं की घाटे तडकतात. हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. माझा एक अंदाज असा: माघ-फाल्गुनात दुपारी अंग चिकचिकायला लागलं आणि संध्याकाळी ढग उठायला लागले, की दोन दिवसांच्या आत काढणीला लागा. हे पुस्तकात नाही, पण याकडं दुर्लक्ष केलेल्यांचे ढीग मी भिजलेले पाहिलेत.

माणसांनी काढणी करायची तर पहाटे सुरू करा आणि ऊन चढायच्या आत थांबा. दवानं घाटे नरम असतात, गळत नाहीत. उपटण्यापेक्षा विळ्यानं कापा: मुळांबरोबर ढेकळं येत नाहीत, मालात माती जात नाही, आणि मुळांवरच्या गाठी रानातच राहतात. पानांवरच्या आंबट आंबेनं हात सोलतात, म्हणून कामाला येणाऱ्या बायकांना हातमोजे द्या. हा खर्च मालकानंच करायचा.

हार्वेस्टर सगळ्या रानाला चालत नाही. राहुरी विद्यापीठाचा फुले विक्रम उंच वाढतो, त्याचे घाटे जमिनीपासून वर लागतात, म्हणून तो यंत्रानं काढता येतो. बुटक्या, पसरट हरभऱ्यात मशीन घातली तर खालचे घाटे तसेच राहतात. रान सपाट नसेल तर मशीनच्या दातांत ढेकळं येतात. मशीन दव सुकल्यावर, दुपारी चालवा. पहिल्या दोन तासांनंतर मागं जाऊन वरच्यासारखे दाणे मोजा. टाकीतला मूठभर माल हातावर घ्या, फुटका दाणा जास्त दिसला तर ड्रमचे फेरे कमी करायला सांगा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या. आणि नंबर आठवड्यानं लागणार असेल तर वाट बघू नका, विळे काढा.

आता दुकानदाराचं. हार्वेस्टरसाठी पीक एकसारखं वाळावं म्हणून पॅराक्वाट किंवा ग्लायफोसेट ही तणनाशकं मारा, असं सांगणारे वाढलेत. हरभरा वाळवण्यासाठी या औषधांची शिफारस नाही. माल माणसांच्या पोटात जातो आणि भुसकट जनावरांच्या. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घाटे पिवळे पडल्यावर दाणा फुगवणारं टॉनिक घेणंही पैसे फेकणंच आहे, झाड तेव्हा काही घेतच नाही. उशिरा पेरलेलं रान अजून हिरवं असेल आणि मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसत असतील तरच फवारा: संध्याकाळी एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू) हेक्टरी 500 एलई (हे त्याचं मापाचं एकक), नाहीतर इमामेक्टीन बेंझोएट 5 एसजी 10 लिटर पाण्यात 4.4 ग्रॅम. फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचा.

कापल्यानंतरची कामं:
- लहान ढीग, उंचवट्यावर
- ढिगाशेजारी ताडपत्री, कापायच्या आदल्या दिवशीच आणून ठेवलेली
- दोन-तीन दिवस ऊन, मग दुपारी मळणी
- उफणणी, चाळणी
- धान्याला 5 ते 6 दिवस कडक ऊन
- कोरड्या कोठीत 5 टक्के कडुनिंबाचा पाला घालून साठवण

यातली ताडपत्री सर्वांत महत्त्वाची. विकत घेणं परवडत नसेल तर भावकीत मिळून एक घ्या.

साठवणीत लागणारा भुंगा कोठीतच जन्मतो असा समज आहे. तो रानात, वाळलेल्या घाट्यांवरही अंडी घालतो. म्हणजे पीक जितके दिवस उभं, तितकी कीड घरात येण्याची जोखीम जास्त. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी समजा आणि तो माल आधी विका किंवा लगेच डाळ करा. राहत्या घरात धान्याच्या किडीसाठीच्या सल्फासच्या विषारी गोळ्या ठेवू नका, त्या वायूनं माणसं दगावतात.

पंढरपूर, माळशिरसकडं बागायती हरभरा ज्यांचा अजून घाट्यात आहे, त्यांनी आजच मजुरांशी बोलून ठेवा. वीस फेब्रुवारीनंतर सगळ्यांची काढणी एकदम येते, मग माणसंही मिळत नाहीत आणि मशीनही.