लाकूडठशात माणूस कोरताना

लाकूडठसा म्हणजे लाकडी फळी कोरून, तिला शाई लावून कागदावर उमटवलेलं चित्र; कोरलेली जागा पांढरी राहते. पटाशी हातात घेण्याआधी असं एक चित्र नीट बघा. जर्मन चित्रकर्ती कॅथे कोल्विट्झ यांचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये, अवघ्या १८ व्या वर्षी, बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. पुढे १९२१-२२ मध्ये त्यांनी 'युद्ध' ही सात लाकूडठशांची मालिका केली. त्यातल्या 'आईवडील' या ठशात दोघं गुडघ्यांवर आहेत, एकमेकांवर कोसळलेले. आईचा चेहरा दिसतच नाही, वडिलांनी आपला हाताने झाकलाय. दोन देहांचा मिळून एकच काळा डोंगर झालाय. मी कितीदाही बघितलं तरी नजर त्या हातावरच अडते.

यातून घ्यायचं ते एवढंच: आकृतीची कड काढत बसायचं नाही, काळोखातून उजेड कोरायचा.

त्यासाठी ५-६ मिमी जाडीचं, वहीच्या पानाएवढं प्लायवूड घ्या आणि त्यावर काळ्या शाईचा पातळ हात द्या. ती वाळली की पांढऱ्या खडूने जवळच्या कुणाला तरी काढा, शक्यतो ओझं वाहणारं किंवा वाकून बसलेलं. हात खऱ्यापेक्षा मोठे काढा. डावं-उजवं छापताना उलटं होईल, हे ध्यानात असू द्या.

आता कोरणं. खडू जिथे पांढरा, तिथलंच लाकूड काढायचं. रेषांसाठी व्ही आकाराची पटाशी, मोठी जागा मोकळी करायला गोल. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. लाकडातल्या मूळ रेषांच्या दिशेने पटाशी सरसर जाते, आडवी गेली की अडखळते, कपचा उडतो, गोलाईचा कोन होतो. तो कोन तासून गुळगुळीत करू नका. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला 'ब्रूके' हा चित्रकारांचा गट काढणाऱ्या किर्शनर, हेकेल यांच्या ठशांतल्या माणसांची टोकदार हनुवटी न् खांदे लाकडाच्या याच अडेलपणातून आलेत. चेहऱ्यावर मात्र हात आवरा: कपाळ, गालाचं हाड, नाकाची एक बाजू, बस्स. डोळ्यांच्या खोबणी काळ्याच राहू द्या. कोरलेलं परत भरता येत नाही.

काचेवर छपाईची काळी तेलशाई रोलरने पसरा. चिकट चरचर आवाज आला की थर बरोबर. फळीवर शाई फिरवा, वर पातळ नेपाळी कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. कोपरा उचलून बघा. फिकट असेल तिथे पुन्हा घासा.

ठसा भिंतीला लावून चार पावलं मागे या. खांदा पाठीत बुडालाय असं वाटलं, तर फळी पुसून तिथे दोनच चिरा मारा आणि दुसरा कागद घ्या.