नाथसागरातल्या माशांचा वंशवृक्ष: डीएनएवरून झाड काढताना

पैठणहून आणलेल्या रोहू, कटला, मृगळ यांच्या परांच्या तुकड्यांतून सीओआय जनुकाचे (मायटोकॉन्ड्रियातलं, जाती ओळखायला वापरलं जाणारं जनुक) साधारण 650 बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) सिक्वेन्स मिळाले, की लगेच झाड काढायला बसू नका. सॉफ्टवेअर कचऱ्याचंही झाड काढून देतं.

आधी क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंग यंत्रानं काढलेला शिखरांचा आलेख) उघडा आणि दोन्ही टोकांची, एकमेकांवर चढलेली शिखरं कापा. मग सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करून पाहा, तेही पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियल कोडनं. नेहमीचा कोड लावला तर टीजीए 'थांबा' दिसतो, इथं मात्र तो ट्रिप्टोफॅन असतो. योग्य कोड लावूनही मध्येच 'थांबा' आला, तर वाचनात चूक आहे किंवा या जनुकाची केंद्रकातल्या डीएनएत गेलेली निकामी नक्कल पीसीआरमध्ये वाढली आहे. तो नमुना बाजूला ठेवा. माफ्ट या प्रोग्रामनं सगळे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवल्यावर मधोमध एकाच बेसची फट दिसली, तर पुन्हा क्रोमॅटोग्रामकडे जा. एखाद्याच माशाची फांदी हातभर लांब आली, तर बहुतेक वेळा तो सिक्वेन्स उलटा राहिलेला असतो.

बाह्यगट (झाडाचं मूळ ठरवायला घेतलेली गटाबाहेरची जात) जवळचा घ्या: झेब्राफिश चालतो. शिंगाळा फार दूरचा, त्याची लांब फांदी दुसऱ्या लांब फांदीला ओढून घेते. उत्क्रांती-शास्त्रज्ञ फेल्सेनस्टाइन यांनी 1978 मध्येच दाखवलं, की अशा वेळी पार्सिमनीला (कमीत कमी बदलांचं झाड निवडणाऱ्या पद्धतीला) जास्त डेटा दिला तर ती चुकीच्याच उत्तरावर पक्की होते. म्हणून मॅक्झिमम लाइकलीहूड (ज्या झाडावर हा डेटा मिळण्याची शक्यता, म्हणजे लाइकलीहूड, सर्वांत जास्त ते निवडणारी पद्धत) वापरा.

आयक्यू-ट्री या प्रोग्राममध्ये कोडॉनच्या (तीन बेसच्या गटाच्या) तिन्ही जागा वेगवेगळ्या विभागांत टाका, कारण तिसरी जागा सगळ्यांत वेगानं बदलते. बेस कसे बदलतात त्याचं मॉडेल बीआयसी या तुलनेच्या निकषावर निवडू द्या. नुसत्या 10 जातींची मूळ न ठरवलेली झाडं 20,27,025 होतात, जातींसोबत हा आकडा भसाभस वाढतो, म्हणून प्रोग्राम सगळी झाडं तपासत नाही. 10 वेळा वेगळ्या सीडनं (सुरुवातीच्या यादृच्छिक आकड्यानं) चालवा आणि लॉग-लाइकलीहूड सर्वांत मोठी असलेलं झाड ठेवा (−2310 हे −2315 पेक्षा चांगलं).

अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (डेटाचे पुनर्नमुने घेऊन प्रत्येक गाठ, म्हणजे फांद्या फुटण्याची जागा, किती टक्के वेळा येते ते पाहणं) किमान 1000 वेळा करा. त्यात 95 च्या वरच्याच गाठीवर विसंबा. 70 चा निकष साध्या बूटस्ट्रॅपचा आहे, आणि प्रबंधांत हीच गल्लत सर्रास दिसते.

हॅचरीच्या बीजात रोहू-कटला संकर असू शकतो. सीओआय फक्त आईकडून येतं, त्यामुळे संकरित मासा झाडावर निमूटपणे आईच्या जातीत जाऊन बसतो. शंका असेल तर आरएजी-1 सारखं केंद्रकातलं जनुक घेऊन क्रोमॅटोग्राममध्ये दुहेरी शिखरं (आई-बाप दोघांच्या वेगळ्या प्रतींची खूण) शोधा.